कव्हरचा गडी

"…ते सगळं पटलं मास्तर, पण वजन किती असावं, तेवढं सांगा."

"कुणाचं?"

"कव्हरच्या पोराचं."

"त्याचं त्याला पेलंल एवढं."

जयकुमार हसला. दौलत मास्तर हसले नाहीत. ते वाकून कबड्डीच्या मैदानावर फक्कीची रेघ ओढत होते, आणि रेघ ओढताना हसलं की ती वाकडी जाते असं त्यांचं म्हणणं होतं.

कृष्णाकाठच्या त्या गावात मास्तरांच्या पुष्कळ गोष्टी सांगतात. बहुतेक हसायच्या आहेत. ही नाही.

जयकुमार त्यांचाच शिष्य. डाव्या कोपऱ्यात खेळायचा. राज्याच्या संघात गेला, नाव काढलं, आणि आता शहरातल्या एका मोठ्या महाविद्यालयासाठी पोरं निवडत गावोगाव हिंडत होता. त्यानं बोट ठेवलं की त्या पोराची फी माफ, वसतिगृह माफ, दूध-अंडी माफ. पुढं खेळाडू म्हणून नोकरीची आशा. त्यामुळं त्याची गाडी मैदानाशी थांबली की शाळेतली पोरं अंगातले शर्ट काढूनच पळत यायची.

त्या दिवशी सकाळी गाडीतून वजनकाटा निघाला, टेप निघाली, उंची मोजायची घडीची पट्टी निघाली. मग मापं सुरू झाली. दंड, मनगट, पोटऱ्या, पंजा. पोरं पोट आत घेऊन रांगेत उभी. बैलबाजारात बघतात तसे दात तेवढे बघायचे राहिले होते.

दुपार कलली तेव्हा त्यानं एक पोरगा पसंत केला. शार्दूल नाव. उंचापुरा, रुंद खांद्याचा, हसरा. काट्यावर उभा राहिला तेव्हा जयकुमारचा चेहरा उजळला होता.

मास्तरांनी फक्कीचं डबडं उचललं आणि पुसलेल्या रेघा ओढायला घेतल्या.

"तुम्हाला पटलेलं दिसत नाही."

"माझं तोंडच असं हाय."

"मास्तर, खरं सांगतो," जयकुमार त्यांच्या मागं मागं चालत म्हणाला, "चढाईचा पोरगा आंधळ्यालाही कळतो. पळतो, हात लावतो, गुण आणतो. कोपऱ्याचाही कळतो, त्याच्या पकडी मोजता येतात. पण कव्हरचा… त्याच्या नावावर काहीच नसतं. नीट खेळला तर कुणाला दिसत नाही. चुकला की मात्र सगळ्या गावाला दिसतो."

"मग?"

"मग मी मापं बघून नेतो. सगळे तेच करतात."

"आणि?"

जयकुमारनं टेप गुंडाळायला घेतली.

त्यानं नेलेले गडी काट्यावर भरायचे आणि मैदानात हलके पडायचे. जोडीदारानं पकड घातली की हे आपले उभे. संघ हरत होता. संस्थेच्या अध्यक्षांनी त्याला चहाला बोलावणं बंद केलं होतं, आणि मोठ्या संस्थांत राजीनामा मागायची हीच पद्धत असते.

"बाळकू कसा होता, आठवतं ना?" तो एकदम म्हणाला. "मला तसा एक पाहिजे. एकच. बाळकूसारखा."

मास्तरांच्या हातातलं फक्कीचं डबडं थांबलं.

"…बूट काढ."

"काय?"

"बूट काढ. कोपऱ्यात जाऊन उभा ऱ्हा."

पोरं बघत होती. जयकुमारनं इकडं तिकडं पाहिलं, बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. अंगाला आठवण असते. गुडघे आपोआप वाकले. पाठ खाली आली.

मास्तर त्याच्या शेजारी उभे राहिले आणि हात पुढं केला. कबड्डीत कोपऱ्यातला गडी आणि त्याच्या शेजारचा कव्हरचा गडी असेच हात धरून उभे असतात. त्याला साखळी म्हणतात. जयकुमारनं म्हाताऱ्याची बोटं घट्ट धरली.

"चढाई आली… आली… पाय टाकला. घे घोटा!"

जयकुमारनं झेप घेतली. हवेतलाच घोटा दोन्ही हातांनी धरला आणि मातीत लोळला. उठून बसला तेव्हा शर्टाच्या बाह्या लाल झाल्या होत्या आणि तो लहान पोरासारखा हसत होता.

"अजून जमतंय की, मास्तर!"

मास्तर होते तिथंच होते. हात तसाच पुढं. तळवा उघडा.

"हात कुणी सोडला?"

"मी. सोडावाच लागतो. पकडीला दोन्ही हात लागतात."

"बराबर. चूक न्हाय ती."

"मग?"

"मग ह्या हाताकडं बघ."

जयकुमारनं पाहिलं. म्हाताऱ्याचा सुरकुतलेला हात. बोटांच्या बेचक्यात फक्की.

"आता ह्येचं वजन कर," मास्तर म्हणाले.

"ह्या हाताचं?"

"ज्यानं धरलावता त्यो गेला. आता मागं सरकलं तरी कोण काय म्हणणार न्हाय. पकड सुटली तर चूक कोपऱ्याची. लागली तर नाव कोपऱ्याचं. तवा ह्यो काय करतोय… तेवढंच बघायचं असतंय."

जयकुमार मातीतच बसून राहिला. मग हळूच म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच. काटा गाडीत ठेव."

त्यानं खरंच काटा गाडीत ठेवला. मग पोरांना दोन संघांत उभं केलं आणि खेळ सुरू केला. या वेळी त्यानं चढाई करणाऱ्याकडं पाहिलं नाही, कोपऱ्याकडंही पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त सुटलेल्या हाताकडं.

शार्दूल उजव्या बाजूला कव्हरला होता. कोपऱ्यानं हात सोडला, झेप घेतली, घोटा धरला. शार्दूल अर्धं पाऊल पुढं गेला आणि थांबला. पकड टिकते का ते बघितलं. टिकतेय असं वाटल्यावर धावला, पण तोवर चढाईवाला मध्यरेषेवर हात टेकवून गेला होता. शार्दूल मान हलवत परत आला. कोपऱ्याच्या पाठीवर थापही मारली, पुढच्या वेळी नीट धर म्हणून.

जयकुमारनं हा गडी ओळखला. असेच गडी त्यानं दोन वर्षं नेले होते.

मग डाव्या बाजूनं चढाई आली.

तिथं कव्हरला एक काटकुळा पोरगा होता. सकाळी जयकुमारनंच त्याच्या पोटऱ्यांभोवती टेप गुंडाळून, "तुला बुद्धिबळात घालू," असं म्हटलं होतं आणि सगळी रांग हसली होती. पोरगाही हसला होता.

कोपऱ्यानं हात सोडला. झेप घेतली. घोटा हुकला. साफ हुकला, कोपरा तोंडावर आपटला. चढाईवाला वळला.

आणि तो काटकुळा पोरगा गेला.

पकड नव्हती, आधार द्यायला काही उरलंच नव्हतं, तरी गेला. छातीनं आडवा गेला, कमरेला मिठी घातली, चढाईवाला त्याला ओढत दोन पावलं घेऊन गेला, मग दोघं कोसळले. बाकीचे त्यांच्यावर पडले. धुळीतून सगळे उठले. सगळ्यात शेवटी, सगळ्यांच्या खालून, तो उठला. ओठ फुटला होता. उठल्या उठल्या त्यानं आधी कोपऱ्यातल्या पोराला हात देऊन उभं केलं आणि त्याच्या डोळ्यांतली माती बघितली.

जयकुमार उभा राहिला होता.

"हा!" तो म्हणाला. "मास्तर, हाच! शार्दूल राहू दे. मला हा पाहिजे!"

मास्तर रेघेकडं बघत होते. ती पुसली गेली होती.

"कुणाचा हा?"

मास्तर पायानं फक्की सारखी करायला लागले.

"मास्तर, कुणाचा पोरगा?"

"हौसाक्काचा नातू. समाधान." मास्तर थांबले. "बाळकूच्या भावाचा."

जयकुमारचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

इथं बाळकूचं सांगायला पाहिजे. गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कुणी सांगत नाही.

बाळकू जयकुमारच्या शेजारी खेळायचा. दोघांचं वय एकच. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला जयकुमारनं घोट्याला झेप घातली आणि घोटा निसटला. बाळकू तरीही गेला. त्यानं चढाईवाल्याला धरून ठेवलं तेवढ्यात जयकुमारनं पुन्हा पाय पकडला, सगळा संघ वर पडला, शिट्टी झाली, गुण मिळाला, सामना जिंकला. मंडपात टाळ्या. एकेक जण उठला. बाळकू उठला नाही.

मान गेली होती. मानेखालचं सगळं अंग गेलं होतं.

ती पकड पेपरात जयकुमारच्या नावावर आली. त्या पकडीवर तो राज्याच्या संघात गेला, आणि त्यावर पुढचं सगळं. यात त्याचं काही चुकलं असं गावात कुणी म्हणत नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

बाळकू खाटेवर राहिला. त्याच्या आईनं, हौसाक्कानं, त्याला भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं. तो मोठा होत गेला, ती वाकत गेली. जयकुमार आधी सारखा यायचा. मग सणावाराला. मग फोन. मग फोनवर काय बोलायचं तेच त्याला कळेना, आणि अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यानं केलं. कामात गुंतला.

गेल्या पावसाळ्यात बाळकू गेला.

"मला कळवलं नाहीत," जयकुमार म्हणाला. आवाज खाली आला होता.

"कळवलं. कुणीतरी फोन घेतला. साहेब निवडीत हायत म्हणाला."

"…मला निरोप मिळाला होता, मास्तर. संध्याकाळी मिळाला."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना तेही माहीत होतं असं दिसलं.

पोरं पाणी प्यायला हौदाकडं गेली होती. त्यांचा दंगा ऐकू येत होता. समाधान ओठ धूत होता आणि कुणाच्या तरी बोलण्याला हसत होता.

"माझ्याबद्दल काही बोलायचा का?" जयकुमारनं विचारलं.

"दवाखान्यात शुद्धीवर आला, तवा एकच इचारलं."

"काय?"

"जयाला कुटं लागलं न्हाय न्हवं?"

जयकुमार खाली बसला. मैदानाच्या कडेला, मातीत, दोन्ही हातांत तोंड घालून. मोठा माणूस उघड्यावर रडायला लागला की बघणाऱ्यानं काय करायचं हे कुणी शिकवत नाही. मास्तर त्याच्याशेजारी बसले. पाठीवर हात ठेवला नाही, उठूनही गेले नाहीत.

डोळे पुसून तो म्हणाला, "मी ह्याला नेतो, मास्तर. समाधानला. सगळं करतो त्याचं. शिक्षण, खाणं, डॉक्टर. नोकरीला लागेपर्यंत सोडत नाही. बाळकूचं मी काही केलं नाही, ह्याचं करतो."

"फेडायला नेतोस का जिंकायला?"

"दोन्ही," जयकुमार म्हणाला.

मास्तरांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. लहानपणी बघायचे तसं.

"खरं बोललास."

"कव्हरला नाही खेळवणार त्याला. कोपऱ्यात खेळवतो. शपथ घेतो."

"खेळीव. कोपऱ्यात उभा राहून शेजाऱ्याकडंच बघंल त्यो."

"मग मीच शिकवतो ना! की बाबा, पकड सुटली की मागं सर. जीव सांभाळ."

"शिकीव. आणि शिकला, तर मग कशाला पाहिजे तुला? शार्दूल हाय की."

जयकुमार चिडला. रडून झाल्यावर माणूस बऱ्याचदा चिडतो.

"तुम्हीच तर तयार केलंत त्याला! एवढी काळजी होती तर मैदानावर येऊ कशाला दिलंत?"

"म्या?" मास्तरांचा आवाज फाटला. "लई डाव हाकलला त्याला. काठी घिऊन हाकलला. म्हनलं, जा, क्रिकेट खेळ. झाडावर बसून बघत ऱ्हायचा. एक गडी कमी पडला की खाली उतरायचा… म्या न्हाय शिकवलं त्याला, जया. हे शिकवून येत असतं, तर तुला शिकवलं नसतं का?"

हे बोलून गेल्यावर मास्तरांनाच वाईट वाटलं. त्यांनी तोंड फिरवलं. जयकुमारला मात्र राग आला नाही. आपलंच वजन कुणीतरी बरोबर सांगावं तसं त्यानं ते ऐकलं.

समाधान पाणी पिऊन आला. थोडा लांब उभा राहिला. शर्ट घातला होता, पण बटणं लावायचं भान नव्हतं. शार्दूलला नेणार हे त्याला मघाशीच कळलं होतं, तरी आता दोघं आपल्याकडंच बघताहेत हे त्यानं ओळखलं.

"सर… माझं परत माप घेताय का?" त्यानं विचारलं. "मी सकाळी काय खाल्लं नव्हतं. आता जरा जास्त भरंल."

"माप नको," मास्तर म्हणाले. "तुला जायचंय का शहरात?"

पोराचं तोंड असं फुललं की बघवत नव्हतं. "व्हय की, मास्तर! कोण न्हाय म्हणंल?" मग घाईघाईनं, "आई-बा न्हाय म्हणायचे न्हाईत. सूतगिरणीतनं आले की सांगतो त्यास्नी. फकस्त आज्जी…" तो थांबला. "आज्जीला मी काय खेळतो ते सांगितल्यालं न्हाय. मी गोळाफेक करतो म्हणून सांगितलंय."

जयकुमारनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर मातीकडं बघत होते.

"घर हेच का अजून? देवळामागचं?" जयकुमारनं विचारलं.

"तेच," समाधान म्हणाला. "तुम्ही आलायसा व्हय आमच्या घरला? या की! आज्जीला चहा टाकायला सांगतो." आणि उत्तराची वाट न बघता तो पळत सुटला. उघडा शर्ट मागं उडत होता.

जयकुमार उठला. बूट हातात घेतले, घालायचे विसरला. मास्तर त्याच्याबरोबर चालू लागले. वाटेत उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, त्यांना वाट देण्यासाठी दोघं एकदा थांबले.

देवळाच्या मागं ते घर आलं. सोप्यात, भिंतीकडेला, एक लोखंडी खाट होती. तिच्यावर आता ज्वारीचं पोतं ठेवलं होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि समाधानचं बोलणं. "मोठं सायेब हायत आज्जी, गाडीवालं. माझ्यासाठी आल्यात."

मग म्हातारीचा आवाज. "कोण सायेब रं? नाव काय त्येंचं?"

"नाव न्हाय इचारलं. मास्तर हायत संगट."

जयकुमारचे पाय उंबऱ्याबाहेरच थांबले. शाळेत असताना याच दारातून तो धडक आत शिरायचा आणि भाकरीच्या टोपल्यात हात घालायचा.

"मास्तर," तो कुजबुजला, "तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी इथूनच माघारी जातो. ने म्हणालात तर नेतो. तुम्ही म्हणाल तसं."

मास्तरांनी आत पाहिलं. चुलीपाशी पोरगा वाकून जाळ फुंकत होता, आणि वाकलेली म्हातारी पदरानं कप पुसत होती. पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला, बशीसकट.

"पोराला जाऊ दे वाटतंय," मास्तर म्हणाले. "आणि जाऊ द्यावंसं वाटत न्हाय."

"मग आत जाऊन काय सांगू आक्काला?"

मास्तरांनी त्याच्या हातातले बूट काढून घेतले आणि खाली, उंबऱ्याच्या कडेला, नीट जोडीनं ठेवले.

"खरं असंल ते सांग," ते म्हणाले. "म्हण, मी जया… ह्यालाबी न्यायला आलोय."